मॉरिसचं कार्पेट

पेठ नाका सोडून आष्ट्याच्या रस्त्याला लागेपर्यंत शिवांजलीने दोनदा गाडी कडेला घेतली होती. पहिल्यांदा तिला वाटलं, डावीकडून कुणीतरी अंगावर आलं. मान वळवून पाहिलं तर रस्ता मोकळा, नुसतं उसाचं पाचट उडत होतं. दुसऱ्यांदा मात्र खरंच एक मोटरसायकल होती, मागे बाई, बाईच्या मांडीवर पोर, आणि ती थेट बॉनेटपुढे येईपर्यंत तिला दिसलीच नव्हती. मोटरसायकलवाला काहीतरी ओरडून पुढे गेला. शिवांजली स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. जानेवारीची सकाळ, साडेअकराचं लख्ख ऊन. अंधार असता, धुकं असतं, तर मनाची काहीतरी समजूत घालता आली असती.

पुढचा सगळा रस्ता तिने तिसाच्या वेगाने गाडी हाकली. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून तिला मागे टाकून जात होते.

तिच्या पर्समध्ये चार महिन्यांपासून एक कागद होता. अण्णांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या कपाटात सापडलेला. अण्णांनी, सुभेदार लालासाहेबांनी, सैन्यात तीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, कुठलाही कागद कधी फाडला नाही आणि कुठलाही कधी कुणाला दाखवला नाही. हा डोळ्यांच्या दवाखान्यातला होता, दोन वर्षांपूर्वीचा. काचबिंदू, दोन्ही डोळे, नजरेचा घेर कमी झालेला. आणि खाली डॉक्टरांनी घाईघाईत लिहिलेली एक ओळ: मुलांचीही तपासणी करून घ्यावी. त्याच्या शेजारी औषधाच्या थेंबांची बाटली होती. तिचं सीलही उघडलेलं नव्हतं.

भाद्रपदात, सकाळी दहा वाजता, कोरेगावच्या रस्त्याला अण्णांची स्कूटर शेतातून येणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी ट्रॅक्टरवर आदळली आणि ते जागीच गेले. ट्रॅक्टरवाला रडत एकच सांगत होता, "मी थांबूनच व्हतो. हॉर्न दिला. बाबा नीट म्होरं बघत आले." वीरधवलने, तिच्या धाकट्या भावाने, त्याची गचांडी धरली होती. शिवांजलीनेही त्याला खोटारडा म्हटलं होतं. तेव्हा तिला कागद सापडला नव्हता.

सापडल्यावर तिने वाचायला सुरुवात केली. साताऱ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी बाई. काही कळेनासं झालं की वाचायचं, हीच तिची खोड. काचबिंदूवर मिळेल ते सगळं तिने वाचून काढलं. तो नजर कडेकडेने खातो. मधलं शाबूत ठेवतो, म्हणून माणूस पेपरातली बारीक अक्षरं वाचत असतो आणि त्याला काही कळत नाही. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं औषधाने राखता येतं. हे सगळं तिला पाठ होतं. कॉलेजच्या पायऱ्यांवर दिवाळीनंतर ती तीनदा अडखळली होती, एकदा घरात तिने पायाशी ठेवलेल्या पाण्याच्या कळशीला लाथ मारली होती, आणि आई म्हणाली होती, "बापासारखीच धांदरट." तरी दवाखान्याची पायरी ती चढली नव्हती. चढली की ठरणार होतं.

आणि मग भाऊसोंचा फोन आला होता.

भाऊसो म्हणजे सांगलीचे कुशनवाले. मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याची लांबलचक शेड, आत काथ्याचा आणि फोमचा वास, आणि वारा फिरला की कुठल्यातरी गोदामातून येणारा हळदीचा. अण्णांची मॉरिस मायनर तिथे पाच महिने उभी होती. छप्पन सालची गाडी. कोरेगावच्या एका डॉक्टरांच्या गोठ्यात ती पडून होती, तेव्हा मागच्या सीटमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या. अण्णांनी चार वर्षं खपून इंजिन जागं केलं, पत्रा काढला, शेवाळी रंग मारून घेतला. राहिलं होतं ते आतलं. सीट आणि कार्पेट.

"ताई," भाऊसो फोनवर म्हणाले होते, "साहेबांनी कापड पसंत केलंय. कार्पेटबी सांगून गेलेत. पर मी अजून कात्री लावली न्हाई. तुमी एकदा येऊन बगा."

"त्यांनी ठरवलंय ना? मग तेच करा."

"व्हय, पर... उगं. एकदा येऊन बगा."

शेडसमोर तिने गाडी लावली आणि आत शिरताना उंबऱ्याच्या दगडाला ठेच लागली. शिलाई मशीनवर बसलेली एक तिशीची बाई लगबगीने उठली.

"सांभाळून! सगळ्यांनाच लागतो तो दगड. मामांना म्हणते काढा, तर म्हणतात पूर्वीपासनं हाय."

ही अपेक्षा, भाऊसोंची सून. सगळ्यांनाच लागतो, हे वाक्य शिवांजलीला इतकं गोड वाटलं की तिला तिचा हात धरावासा वाटला.

भाऊसो सत्तरीचे, बोटांना सुईचे घट्टे पडलेले. त्यांनी आधी चहा दिला, मग गाडीचं दार उघडून दाखवलं. आत सीटचे नुसते सांगाडे होते, स्प्रिंगांवर पोतं टाकलेलं. खाली तांबड्या प्रायमरचा उघडा पत्रा.

"बसायचं काय ते आदी ठरवू," म्हणत त्यांनी तुकडे मांडले. "ह्ये रेक्झिन. पुसून निगतंय, उंदीर खात न्हाई. पर चैतात बसलं की बूड भाजतंय."

"मामा, ताई प्राध्यापक आहेत."

"मग? प्राध्यापकाला काय बूड नसतंय?"

शिवांजली हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखं वाटलं.

"लेदर मी दावलं व्हतं साहेबांस्नी. ते म्हणले, आमची कारभारीन म्हणती पहिल्यांदा पालीच्या खंडोबाला जायचं, आन् देवाला कातड्यावर बसून जायाचं व्हय? मग ह्ये काढलं." त्यांनी एक गुंडाळी उलगडली. उभ्या रेघांचं जाड सुती कापड, पिकल्या जांभळाच्या रंगाचं. "साहेबांनी ह्येच्यावर हात फिरवला आन् म्हणले, तीस वर्सं कॅनव्हासवर बसलो, आता जरा लाड करून घेतो."

अण्णांचा आवाज त्या वाक्यात होता. तिने कापडावर हात ठेवला आणि पटकन काढला.

"हेच राहू दे."

"मलाबी वाटतंय. शेवाळी गाडीला लय शोभंल." भाऊसोंनी गुंडाळी बाजूला ठेवली. मग उगाच खडूचा डबा इकडचा तिकडे केला. "आता कार्पेट."

"त्यांनी काय सांगितलं होतं?"

"ते ऱ्हाऊ द्या जरा. तुमी तुमचं बगा."

कार्पेटचे चार तुकडे त्यांनी दारात, उन्हात टाकले. मेंदीच्या रंगाचा, तपकिरी, काळपट निळा, आणि एक फिका, ज्वारीच्या भाकरीसारखा. लव कशी एकाच दिशेने ठेवून कापायची, नाहीतर एका गालिच्याचे दोन रंग कसे दिसतात, ते दाखवलं. मग म्हणाले, "ह्ये असं उभं ऱ्हाऊन बगून ठरवतात ते येडे. सीट असती बसायसाठी, कार्पेट असतंय इसरायसाठी. गाडी चालवणारा कवा कार्पेटाकडं बगत न्हाई. त्येला ते कडंनं दिसतंय. आन् कडंनं खुपलं, की तासाभरात डोकं चढतंय. माझ्या वडलांनी शिकवलंय मला. गिऱ्हाइकाला ष्टेरिंगवर बसवायचं, म्होरं बगायला लावायचं, आन् खाली एकेक तुकडा ठेवायचा. खुपतंय का न्हाई एवढंच इचारायचं. बसा."

शिवांजली जागची हलली नाही.

"मी असंच सांगते. तो मेंदीचा चांगला आहे."

"बसा तर खरं. दोन मिंटाचं काम."

"खरंच नको. मला परत साताऱ्याला जायचंय. उशीर होतोय."

"ताई," अपेक्षा मशीनवरून म्हणाली, "मामा ऐकायचे नाहीत. मागं एका साखर कारखान्याच्या चेअरमनला यांनी असं अर्धा तास बसवलं होतं. तो म्हणाला, मी मत मागायला आलोय, कार्पेट मागायला नाही."

सगळे हसले, आणि हसण्याच्या भरात शिवांजली आत जाऊन बसली. पोत्याखाली स्प्रिंगा कुरकुरल्या. हे स्टिअरिंग अण्णांनी पॉलिश कागदाने घासलं होतं, अंगणात, तिच्यासमोर. तिने ते दोन्ही हातांनी धरलं.

"समोर त्यो लिंब हाय, त्येच्या बुंध्याकडं बगा. नजर खाली न्हाई घ्यायची." भाऊसो डावीकडच्या दारातून आत वाकले होते. "पयला मेंदीचा टाकतो."

तिने लिंबाच्या बुंध्याकडे पाहिलं. बुंधा स्वच्छ दिसत होता. सालीच्या भेगा, खिळ्याला अडकवलेली पिशवी, पिशवीवरची अक्षरंसुद्धा. आणि खाली, जिथे डाव्या पायाजवळ कार्पेट असायला हवं होतं, तिथे... तिथे अंधार नव्हता. तिने अंधाराची तयारी केली होती. तिथे काहीच नव्हतं, जसं डोक्यामागे काही नसतं तसं. इतके दिवस ती तिथे काय पाहत होती? बहुतेक आठवणच पाहत होती.

"काय? खुपतंय?"

"नाही. छान वाटतोय."

कापडाची सळसळ झाली. भाऊसोंचा श्वास जवळून ऐकू आला. "आन् आता?"

तपकिरी असणार. ओळीत दुसरा तपकिरी होता.

"हा जरा जड वाटतो. मेंदीचाच बरा होता."

मशीनचा आवाज थांबला. रस्त्यावरून एक एसटी गेली, तिचा धूर शेडमध्ये शिरून ओसरला. शेवटी न राहवून तिने मान खाली वळवली.

खाली तांबडा पत्रा होता. मेंदीचा आणि तपकिरी, दोन्ही तुकडे भाऊसोंच्या काखेत होते.

"दुसऱ्या टायमाला मी कायबी ठेवलं नव्हतं, ताई," भाऊसो हळू म्हणाले. "मेंदीचा काडला, तपकिरी ठेवायच्या आदी तुमास्नी इचारलं."

"मी घाईत बोलले. मला उशीर..."

"साहेबांनीबी असंच केलं व्हतं."

तिने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"श्रावणात आले व्हते. ह्याच सीटवर. मी मेंदीचा ठेवला, ते म्हणले झकास. मी काडला, त्येंना कळलंच न्हाई. मी मुद्दाम न्हाई हो केलं, दुसरा तुकडा सापडंना म्हणून उशीर झाला. तरी ते म्हणत्यात, ह्योच, ह्योच फायनल. मला वाटलं, माझी गंमत करत्यात. मी म्हणलं, सुबेदारसाहेब, तुमास्नी माझा पत्राबी आवडला की! तर ते हसले. मीबी हसलो." भाऊसोंनी काखेतले तुकडे खाली ठेवले, परत उचलले. "म्हैन्यानं तुमच्याकडनं ती बातमी आली. तवापास्नं ह्या मेंदीच्या कापडाला कात्री लावायचं माझ्यानं हुईना. दिसत नसंल हो त्येंना, ताई. आन् मी हसलो."

मी थांबूनच व्हतो, बाबा नीट म्होरं बघत आले. तो ट्रॅक्टरवाला कुठल्या गावचा होता, हेही तिला आठवेना.

तिला भाऊसोंना काहीतरी बरं वाटेल असं बोलायचं होतं. पण भीतीला त्या वेळी कुणाचंच काही पडलेलं नव्हतं. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं: उठायचं, गाडीत बसायचं, आणि हे सगळं इथेच टाकून निघून जायचं. अण्णांनीही नेमकं हेच केलं असणार. हसून उठले असतील, घरी येऊन परत स्कूटरला किक मारली असेल.

"पुन्हा ठेवा," ती म्हणाली.

"जाऊ द्या, ताई."

"ठेवा. न सांगता ठेवा. मी वर बघते."

तिने परत बुंध्यावर नजर लावली. भाऊसो बराच वेळ काहीतरी करत राहिले. उजव्या हाताला, दाराजवळ, तिला काहीतरी फिकं हलल्यासारखं वाटलं. "उजवीकडे फिका आहे," ती म्हणाली. "डावीकडे... डावीकडचं मला सांगता येत नाही."

"उजवीकडं फिकाच हाय," भाऊसो म्हणाले. डावीकडे काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

ती उतरली. अपेक्षाने पाण्याचा तांब्या आणला. शिवांजलीने पर्समधून तो कागद काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेल्या त्या बाईच्या हातात दिला. अपेक्षाने तो उभ्यानेच वाचला. शेवटच्या ओळीवर तिचा अंगठा थांबला.

"तपासून घेतलंत?"

"उद्या घेणार होते. साताऱ्यात ओळखीचे डॉक्टर आहेत. उद्या नक्की जाते." बोलता बोलता तिने गाडीची किल्ली शोधली.

भाऊसो बाहेर गेले. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, मागे-पुढे झाल्याचा, मग बंद झाल्याचा. शिवांजली बाहेर आली तर तिच्या गाडीला अगदी चिकटून, आडवा, फोमच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो उभा होता.

"भाऊसो, मला निघायचंय."

"बंद पडला. ब्याटरी गेली वाटतं."

"आत्ताच तर चालवलात."

"लय लहरी हाय त्यो. आता उद्या मिस्तरी येईल तवाच हलंल." भाऊसोंनी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

"मामांना खोटं बोलायला अजिबात जमत नाही," अपेक्षा म्हणाली. तिने पदर कमरेला खोचला, मशीनवर कापड टाकलं. "ताई, मिरजेत डोळ्यांचे चार दवाखाने आहेत. रिक्षाने वीस मिनिटं. मी येते बरोबर. माझ्या आईला मीच नेते, सगळी माहिती आहे मला."

"आज नको. मी घरी काही सांगितलेलं नाही."

"घरच्यांना काय दवाखान्यातून सांगता येत नाही का?"

शिवांजली टेम्पोकडे बघत उभी राहिली. ओरडावं, टेम्पोची किल्ली मागावी, इतका राग आला होता, आणि त्या रागाखाली तेवढीच भीती होती. तिने वाचलेली सगळी पानं तिच्या मदतीला आली नाहीत. उसाचा एक ट्रॅक्टर रस्त्यावरून धडधडत गेला. परत जायचं तर असे किती, आणि त्यातले किती बाजूच्या पाणंदीतून येणार.

"चला," ती म्हणाली.

भाऊसोंनी तेवढ्यात फिका तुकडा उचलला. "ताई, एक इचारू? राग यायचा न्हाई ना? आपण ह्यो फिका घेऊ. आन् काठाला गडद पट्टी मारू, दाराच्या पायरीला दोन बोटं रुंद. उतरताना पाय कुठं पडतोय ते कळंल."

अशी पट्टी आंधळ्यांच्या शाळेत असते, असं काहीतरी तिच्या तोंडावर आलं. ते तिने गिळलं. फिका गालिचा, जांभळं कापड, गडद काठ. डोळ्यांसमोर आणून पाहिलं. वाईट नव्हतं.

"आईलाही बरं पडेल," ती म्हणाली. "करा."

मिरजेच्या दवाखान्यात दीड तास बाकावर बसावं लागलं. अपेक्षा सगळा वेळ बोलत होती, नवऱ्याबद्दल, माहेरच्या म्हशीबद्दल, आणि शिवांजलीला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण ती गप्प झाली की तिला भीती वाटायची. वीरधवलला तिने मेसेज लिहिला, पुसला, परत लिहिला. डोळे तपासायला मिरजेला आलेय. अण्णांना काचबिंदू होता. तूही तपासून घे. पाठवला आणि फोन पर्समध्ये टाकून दिला.

डोळ्यांतला दाब मोजून झाला. डॉक्टरीणबाई आकड्याबद्दल काही बोलल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "नजरेचा घेर बघू या." आणि तिला शेजारच्या अंधाऱ्या खोलीत पाठवलं.

तिथे एक यंत्र होतं, आत खोल पांढरा वाडगा असावा तसं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं. हातात बटण.

"कडेला बारीक बारीक ठिपके चमकतील," यंत्रापाशी बसलेली मुलगी सांगत होती. "दिसला की दाबायचं. सगळे दिसत नाहीत कुणालाच. तेव्हा टेन्शन घेऊ नका."

सुरुवातीचे दिसले. वर एक, उजवीकडे एक, मग मधल्या दिव्याजवळ. तिने दाबलं. अंगठा सैल झाला. मग यंत्रात टिक झालं, परत टिक झालं, आणि वाडग्यात काहीच चमकलं नाही.

दोन-चार वेळा तसं झालं आणि तिच्या लक्षात आलं, की त्या टिकटिकीला एक लय आहे. दर टिकीला एक ठिपका येत असणार. दिसो न दिसो, लयीत दाबत गेलं तर काय होईल? निदान कागद बरा दिसेल. तिला कुठल्याच परीक्षेत उत्तर सोडून यायची सवय नव्हती. अण्णा सैन्यातली प्रत्येक तपासणी पहिल्या झटक्यात पास व्हायचे आणि घरी येऊन छाती फुगवून सांगायचे.

टिक. अंगठा बटणावर चढला.

तिने तो काढून घेतला. मग भीती नुसती येऊन बसली, त्या पांढऱ्या वाडग्यात, सगळ्या बाजूंनी. टिक. काही नाही. टिक. काही नाही. डोळ्यातून पाणी यायला लागलं आणि मधला दिवा थरथरला. तिने पापणी मिटली, उघडली, परत दिव्यावर नजर रोखली. टिक.

"मॅडम," मुलगी मागून म्हणाली, "झोप लागली का? बराच वेळ झाला, बटण दाबलं नाहीत."

"जागी आहे."

"मग दाबा ना दिसला की."

"दिसत नाहीये," शिवांजली म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "खालचं मला काही दिसत नाहीये."

"बरं," मुलगी म्हणाली. आणि यंत्र न थांबवता, जरा जवळ सरकून बसली. "मग असंच बसा. अजून दोन मिनिटं आहेत या डोळ्याची."